लॉज, लोझे आणि मांडव

प्रश्न : 'मोझार्ट 1784 साली व्हिएन्नात लॉजमध्ये दाखल झाला' असं वाचलं. इथल्या 'लॉज'ला, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या स्थानिक बैठकीला, मराठीत काय म्हणावं? आणि फ्रीमेसनला 'मुक्त गवंडी' म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. हे 'मुक्त गवंडी' कुणी काढलं देव जाणे, पण जिथे तिथे तेच! गवंडी भिंत रचतो, हे मुळात दगड घडवणारे. आपल्याकडे त्यांना पाथरवट म्हणतात. फ्रीमेसनला फ्रीमेसनच राहू द्या.

'लॉज'ची गंमत मात्र ऐकाच. जुन्या फ्रेंचमधलं 'लोज' म्हणजे खोपट. ते आलं फ्रँक लोकांच्या बोलीतून, आणि त्याचं नातं पाल्याशी जोडतात. इटालियन 'लोज्जा' नि इंग्रजी 'लॉबी' ही त्याचीच भावंडं. पाल्याचा आडोसा, म्हणजे सरळ सरळ मांडव! चर्चच्या बांधकामालगत पाथरवटांचा जो आडोसा असे, त्याचंच नाव पुढे बैठकीला चिकटलं. 'शाखा' सुचवणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, बँकेची का? मी तर 'मांडव'च लिहीन.

जर्मनमध्ये आणखी बहार. फ्रीमेसनांची बैठक 'लोझे' आणि नाटकगृहातला बॉक्सही 'लोझे'च. ऑक्टोबर 1791 मध्ये मोझार्टने बायकोला लिहिलं : 'जादूची बासरी' या त्याच्या ऑपेराला ओळखीच्यांनी लोझे घेतली होती, हाही तिथे जाऊन बसला. दुसऱ्या अंकाच्या आरंभीचा गंभीर प्रवेश चालू, आणि यजमान गृहस्थ प्रत्येक गोष्टीला हसताहेत. शेवटी त्यांना 'पापागेनो' (ऑपेरातला खुशालचेंडू पक्षी पकडणारा) म्हणून हा उठून गेला. तो प्रवेश कसला? पुरोहितांची सभा, होकार म्हणून तीनदा फुंकलेली वाद्यं. फ्रीमेसनांची बैठकच ती, रंगमंचावर मांडलेली. म्हणजे एका लोझेत बसून दुसरी लोझे पाहायची! माझ्या मते मोझार्टच्या कानाला हा श्लेष कळला नसेल, हे अशक्य.

आता ते तीनवाले विद्वान, म्हणजे तीन हा फ्रीमेसनांचा खास आकडा म्हणून जिथे तिथे तीन शोधणारे. ऑपेराची मुख्य पट्टी ई-फ्लॅट, तिच्यात कोमल स्वर तीन, म्हणून जिथे तीन कोमल तिथे फ्रीमेसन, असं त्यांचं गणित. मोझार्टचं फ्रीमेसनांसाठीचं 1785 चं शोकसंगीत सी मायनरमध्ये आहे, त्यातही कोमल तीनच, तिथे ते जुळतंही. पण बेथोवनची 'एरोइका' सिंफनीसुद्धा ई-फ्लॅटमध्येच आहे, आणि तो सभासद असल्याचा कागद कुणी दाखवलेला नाही. शिवाय नोव्हेंबर 1791 मध्ये खास लॉजसाठीच रचलेला मोझार्टचा कँटाटा (वाद्यवृंदासह गायची रचना) आहे सी मेजरमध्ये. कोमल स्वर शून्य!