डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या : इंजेक्शन, लेझर की मलम?

प्रश्न : माझे वय ४७ असून मी पाचपाखाडीहून ऐरोलीला रोज स्कूटरने कामावर जाते. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या दोन वर्षांत ठळक झाल्या आहेत. मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले आहे. घोडबंदर रोडवरच्या एका पार्लरने बोटॉक्स, फिलर आणि लेझर मिळून सवलतीचे पॅकेज सुचवले आहे. मी काय निवडावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पैसे भरण्याआधी खिडकीपाशी उजेडात आरसा घेऊन बसा. चेहरा सैल सोडून डोळ्यांच्या कडा पाहा, मग मनमोकळे हसून पुन्हा पाहा. हसतानाच ज्या रेषा पंख्यासारख्या पसरतात, त्या स्नायूंच्या आकुंचनामुळे पडतात. चेहरा स्थिर असतानाही ज्या दिसतात, त्या त्वचेतच मुरलेल्या असतात. उपचार या फरकावरून ठरतो.

हसतानाच्या रेषांसाठी बोटॉक्सचे इंजेक्शन सर्वांत भरवशाचे. नसेकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश ते तात्पुरता अडवते. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने या रेषांसाठी त्याला २०१३ मध्ये मान्यता दिली, तेव्हा दोन्ही बाजू मिळून २४ युनिट ही मात्रा ठरवली होती. म्हणून किती युनिट देणार, हे आधी विचारा, आणि बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. टोचल्याजागी काळे-निळे पडू शकते, क्वचित पापणी काही आठवडे उतरते. त्यामुळे लग्नाआधी निदान दीड महिना हे उरकलेले बरे. स्नायूंचा किंवा नसांचा आजार असल्यास, अथवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

फिलर, म्हणजे त्वचेखाली जेल भरणारे इंजेक्शन, डोळ्यांखालचा खोलगटपणा भरण्यासाठी असते, तुम्ही लिहिलेल्या रेषांसाठी नव्हे. ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर नुकसान बहुधा भरून येत नाही, म्हणून पार्लरमध्ये ते घेण्याचा विचारही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इंजेक्शन कोणतेही असो, ते महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्यावे.

मुरलेल्या रेषांवर लेझरचा उपयोग होतो, मात्र आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्यानंतर काळपट डाग उमटण्याचा धोका अधिक असतो आणि ऊन लागले की तो वाढतो. रोज स्कूटरवर असणाऱ्या तुम्हाला लग्नाच्या तोंडावर लेझर करून घ्या, असे मी सांगणार नाही.

त्याऐवजी आजपासून रात्री, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढे रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेले क्रीम संपूर्ण चेहऱ्याला लावा, पापण्यांवर मात्र नको. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात, म्हणून उशीर करू नका. सकाळी निघण्यापूर्वी एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन डोळ्यांच्या कडेपर्यंत लावा आणि हेल्मेटच्या आत गॉगल घाला, कारण उन्हात डोळे बारीक करताना दर वेळी त्याच घड्या पडत असतात.