वाचकांचे प्रश्न : टेनिसमधले आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : सोलापुरात महिलांच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा झाल्या, तेव्हापासून खेळाडूंची कामगिरी इंटरनेटवर पाहतो. एकाच खेळाडूचे जय-पराजय दोन ठिकाणी वेगळे दिसतात. खरे कोणते?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, मोजणी वेगळी असते. पुरुषांमध्ये एटीपी ही व्यावसायिक खेळाडूंची संघटना कारकिर्दीच्या जय-पराजयात ग्रँड स्लॅम, एटीपी स्पर्धा, डेव्हिस चषक आणि ऑलिंपिक धरते, तेही मुख्य फेरीचे सामने. पात्रता फेऱ्या, चॅलेंजर (एटीपीच्या मुख्य स्पर्धांच्या खालची पायरी), आयटीएफ यांतले विजय तिथे येत नाहीत. म्हणून वर्षभर चॅलेंजर खेळणाऱ्या आपल्या मुलांचा आकडा तुटपुंजा दिसतो. त्यावरून त्यांना नावे ठेवणे अन्यायाचे आहे. महिलांच्या आकड्यात आयटीएफचे सामनेही असतात. सानिया मिर्झाचे एकेरीतले २७१ विजय आणि १६१ पराभव तसेच मोजलेले आहेत. एकेरीत डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) विजेतेपद तिने एकदाच मिळवले, २००५ मध्ये हैदराबादला. तेव्हा पुरुष आणि महिलांचे हे आकडे शेजारी मांडून तुलना करू नका.

आणखी एक घोळ पुढे चालीचा, म्हणजे प्रतिस्पर्धी खेळायलाच न उतरल्याने मिळणाऱ्या विजयाचा. सामना मध्येच सोडला तर पराभव मांडला जातो, सुरूच झाला नाही तर नाही. २०१४ च्या एटीपी फायनल्समध्ये फेडररने पाठीच्या दुखण्यामुळे अंतिम सामन्यातून माघार घेतली. जोकोविचला करंडक मिळाला, पण दोघांच्या आपसांतल्या सामन्यांच्या हिशेबात (जोकोविच २७, फेडरर २३ विजय) तो सामना नाही.

प्रश्न : मुलीच्या सामन्यांची वही ठेवतो. पहिल्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांची टक्केवारी कशी काढायची?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : आत पडलेल्या पहिल्या सर्व्हिसच्या संख्येने भागा. एकूण सर्व्हिसच्या गुणांनी भागले की टक्केवारी उगाच खाली येते. समजा, तिच्या सर्व्हिसवर ६० गुण खेळले गेले, ३६ वेळा पहिली सर्व्हिस आत पडली, त्यांतले २७ गुण जिंकले. मग आत ६० टक्के, जिंकलेले ७५ टक्के. उरलेले २४ गुण दुसऱ्या सर्व्हिसचे. दुहेरी चुका (दोन्ही सर्व्हिस चुकणे) त्यातच, गमावलेले गुण म्हणून धरा. जाळीला लागून आत पडलेली सर्व्हिस पुन्हा करतात, ती मोजू नका.

नुसत्या बेरजेवर मात्र विसंबू नका. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४; बरोबरीतल्या सेटचा निकाल लावणारे तिन्ही टायब्रेक जोकोविचने घेतले आणि विजेताही तोच. म्हणून वहीत प्रत्येक गुणापुढे त्या वेळचा स्कोअर लिहा. ३०-४० असताना, म्हणजे एक गुण गेला की तिचा सर्व्हिसचा गेम जातो तेव्हा, पहिली सर्व्हिस किती वेळा आत पडली, हे वेगळे काढा आणि प्रशिक्षकांना आधी तेच दाखवा.