वेगासहून अँटिलोप कॅन्यन एका दिवसात: सत्तरीच्या आई-बाबांना झेपेल का?

झेपेल, पण दिवसातला बराच वेळ गाडीतच जाईल. ही दगडातली अरुंद घळ अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या पेज गावाजवळ, लास वेगासहून साधारण ४४० किलोमीटरवर. म्हणजे ठाण्याहून कोल्हापूरला जाऊन रात्री परत यायचं, फक्त वाटेत कळंबोलीची कोंडी नाही. म्हणून स्वतः गाडी चालवण्यापेक्षा टूरची बस बरी.

जागा नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या मालकीची आहे, गाइडशिवाय आत सोडतच नाहीत. घळीचे ‘अप्पर’ आणि ‘लोअर’ असे दोन भाग आहेत. आई-बाबांसाठी ‘अप्पर’ निवडा, तिथे आतली जमीन सपाट आहे. ‘लोअर’मध्ये लोखंडी जिन्यांची चढउतार आहे, गुडघे बोलायला लागतील. वरून झोतासारखी उतरणारी उन्हाची तिरीप उन्हाळ्यात, दुपारच्या सुमारासच दिसते. त्या वेळेची तिकिटं महाग आणि गर्दीही दादर स्टेशनची.

सांदण दरी पाहिली असेल तर अरुंद घळ म्हणजे काय ते ठाऊक असेलच. फरक इतकाच की इथे दगड केशरी वाळूचा आणि पाण्याने घासून लाटांसारखा झालेला. त्याच पाण्याची भीतीही आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा लोअरमध्ये घुसून ११ पर्यटक गेले. त्यामुळे ढग पाहून फेरी रद्द केली, तर गाइडशी वाद घालू नका.

बॅग आत नेता येत नाही, औषधं खिशात ठेवा. हिवाळ्यात ॲरिझोनाचं घड्याळ वेगासपेक्षा एक तास पुढे असतं, तेवढं बुकिंग करताना बघा.