खेड्यात घरच्या वर्कशॉपसाठी १५ हजारांत टिकाऊ एअर कम्प्रेसर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंत तसं, तुमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचं. काम ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरात हवा, एअर फिल्टर झटकणं आणि कधीमधी गेटला रंग. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. आपल्याकडे कम्प्रेसर कंपनीपायी कमी आणि वायरपायी जास्त जळतात. तरी दर वेळी कोणीतरी म्हणतोच, "छोटा घेतला म्हणून जळला, २ एचपीचा घ्या." साफ चूक.

हिशोब मांडा. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ६-७ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर ३० च्या घरात जाते. घरातून गोठ्यापर्यंत १ एमएमची (म्हणजे १ चौरस मिमी जाडीची) ३० मीटर वायर ओढली की जाऊन-येऊन ६० मीटर तांबं झालं, रोध सुमारे १.१ ओहम. सुरू होतानाच ३३ व्होल्ट वायरीत गेले. रब्बीत वावरातल्या मोटारी चालू असल्या की घरात आधीच १९० येतात. मोटरपाशी उरले १५७. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे इथे निम्म्याच्याही खाली. मोटर नुसती घुमते, फिरत नाही; आधी स्टार्ट कॅपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा डबा) फुगतो, मग वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांचा, जळका वास येतो. २.५ एमएमची वायर असती तर घट १३ व्होल्टच. २ एचपीला हीच घट जवळपास दुप्पट धरा. म्हणून कम्प्रेसर बोर्डाजवळ ठेवा आणि गोठ्यापर्यंत ८ एमएमचा हवेचा पाइप न्या. टीव्हीचा स्टॅबिलायझर मध्ये लावणाऱ्यांना तर हात जोडतो.

मोटर घुमण्याचं दुसरं कारण प्रेशर स्विचचा अनलोडर. मशीन बंद पडताना "फुस्स" असा छोटा आवाज आलाच पाहिजे. पंपाच्या हेडमधली अडकलेली हवा अनलोडर सोडतो, म्हणून पुढच्या वेळी मोटर हलकी सुरू होते. आवाज आला नाही तर अनलोडर अडकलाय. आवाज थांबतच नसेल तर टाकीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा मागे येऊ न देणारी झडप) गळतोय, त्यात बहुतेक कचरा असतो. खोलण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा.

डब्यावरच्या सीएफएमवर (मिनिटाला किती घनफूट हवा) जाऊ नका, तो बहुधा पिस्टनच्या मापाचा आकडा असतो. हातात ६०-७० टक्के पडतं. दुकानातच घड्याळ लावा. ५० लिटरची टाकी ४ बारवरून ८ बारवर जायला २ मिनिटं लागली, तर ५० गुणिले ४, म्हणजे २०० लिटर हवा २ मिनिटांत: मिनिटाला १०० लिटर, साडेतीन सीएफएम. तेवढ्यात टायर आणि फिल्टर आरामात. ट्रॅक्टरचा मागचा टायर १२-१६ पीएसआयवर, म्हणजे साधारण १ बारवर चालतो. त्याला प्रेशर कमी आणि हवा ढीगभर लागते, म्हणून पाच-दहा मिनिटं द्या. रंगाची गन मात्र दम काढते. गेट तुकड्या-तुकड्यानं मारा.

प्रकार म्हणाल तर बेल्टवाला, कास्ट आयर्न हेडचा, १ एचपी. हळू फिरतो, कमी तापतो. तुमच्या बजेटात नवा सहसा बसत नाही. मग तेलाचा डायरेक्ट (बेल्टशिवाय, मोटरला थेट जोडलेला) घ्या, तांब्याच्या वाइंडिंगचा. तो २८०० आरपीएमनं फिरतो; मे महिन्यात टिनाखाली १० मिनिटं चालवून १० मिनिटं थांबवा, नाहीतर ओव्हरलोड (मोटर तापली की बंद करणारा स्विच) पडतोच. तेल कम्प्रेसरचंच, १०० ग्रेडचं. पहिलं ५० तासांनी बदला. पावसाळ्यात टाकीचं पाणी रोज काढा, कापसाच्या दिवसांत फिल्टर आठवड्याला झटका. बेल्ट बोटानं दाबला की १०-१२ एमएम दबावा.

जुना घेत असाल तर टाकी खालून पाहा, गंज तिथेच लागतो. पापुद्रे सुटलेली टाकी फुकट मिळाली तरी नको. गॅस सिलिंडरची टाकी बनवून देणारेही भेटतील, त्यांच्या दारात उभे राहू नका.

एक राहिलं. तुमच्याकडे गावठाणाचा फीडर (वस्तीची वीजलाइन) शेतीच्या लाइनपासून वेगळा असेल आणि संध्याकाळीही २२० मिळत असतील, तर व्होल्टेजचं वरचं पुराण तुम्हाला फारसं लागू नाही, २ एचपीही चालेल. वायर तरी २.५ चीच टाका.