वडिलांना हंटिंग्टन (मेंदूचा आनुवंशिक आजार) आहे. औषधाच्या चाचणीत नाव घालावं का?

घाला, पण आशा जरा आवरून. टॉमिनर्सेनचं उदाहरण बघा. या आजारात सदोष होणारं हंटिंग्टिन प्रथिन कमी करणारं हे औषध मणक्यातून टोचायचे. तिसऱ्या टप्प्यात 791 रुग्ण होते. मार्च 2021 मध्ये डोस थांबवले, कारण जास्त वेळा औषध मिळालेल्यांची तब्येत प्लासिबो (औषध नसलेलं नकली इंजेक्शन) मिळालेल्यांपेक्षाही बिघडलेली दिसली. म्हणजे प्रथिन कमी झालं की माणूस सुधारेलच असं नाही.

दुसरा मार्ग निरीक्षणात्मक अभ्यासाचा. त्यात नवं औषध नसतं. तपासण्या, रक्ताचे नमुने, वर्षावर्षाच्या नोंदी. कंटाळवाणं वाटेल, पण व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी असेच नमुने दिले, म्हणून 1993 मध्ये या आजाराचं जनुक सापडलं.

भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआयवर (चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आहे का ते आधी बघा. कोणी पैसे मागितले तर सरळ निघून या.