वाचक विचारतात : टॅपेट गप्प झाला की गॅप तपासा

प्रश्न : पेट्रोलची गाडी तीन वर्षांपूर्वी सीएनजीवर केली. त्यानंतर ६०,००० किलोमीटर झाले. हल्ली सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटं थरथरते, घाटात ओढत नाही, अ‍ॅव्हरेज किलोला २४ वरून १९ वर आलं. प्लग, कॉइल, एअर फिल्टर नवे टाकले. इंजिनाचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा शांत आहे. किट बिघडलं असेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : किटला एवढ्यात हात लावू नका. सिक्वेन्शियल किटची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेली) गाडी सकाळी पेट्रोलवरच सुरू होते, तापल्यावर गॅसवर जाते. पेट्रोलवरही थरथरत असेल तर दोष बहुधा इंजिनात आहे. त्याची खूण तुम्हीच लिहिली आहे : टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला, व्हॉल्व्ह दाबणारा भाग) शांत झाले.

कॅम (फिरून व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) आणि टॅपेट यांच्यामध्ये केसाएवढी फट, म्हणजेच गॅप, ठेवलेली असते, व्हॉल्व्ह तापून लांबला तरी पूर्ण मिटावा म्हणून. गॅस कोरडा असतो, त्यामुळे एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, सीट (मिटताना तो टेकतो ती कडी) पेट्रोलपेक्षा लवकर झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) वर सरकतो आणि फट कमी होते, म्हणून टॅपेटची टकटकही कमी होते. सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत व्हॉल्व्ह झपाट्याने तापतो, हेड अजून थंड असतं. तेव्हा फट सर्वांत कमी उरते. म्हणून तुमची थरथर सकाळची आहे. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकूनच बाहेर टाकतो. तो पूर्ण टेकला नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) गळतं, अ‍ॅव्हरेज पडतं आणि शेवटी व्हॉल्व्हची कड जळते. टकटक करणाऱ्या टॅपेटपेक्षा हा गप्प टॅपेट जास्त घातक आहे.

आधी कॉम्प्रेशन बघा. सगळे प्लग काढा, इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. एखाद्या सिलिंडरचा आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा.

मग गॅप. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम इंजिनावर मोजलेला आकडा थंड इंजिनाच्या आकड्याशी जुळत नाही. कॅमचा उंचवटा टॅपेटच्या विरुद्ध बाजूला आणून फिलर गेजचं (फट मोजायचं) पातं सरकवा, ते किंचित अडखळत गेलं पाहिजे. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.२५ ते ०.३५ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. शिम (जिच्या जाडीने गॅप ठरतो ती चकती) असेल तर हिशोब सोपा आहे : जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. २.४० ची शिम, फट ०.१० निघाली, हवी ०.३०; तर २.२० ची शिम टाका. स्क्रू असेल तर लॉकनट कसल्यावर पुन्हा मोजा, कसताना गॅप हमखास हलतो. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरणारे) टॅपेट असतील तर ही सेटिंग नसतेच.

गॅप बरोबर करूनही कॉम्प्रेशन आलं नाही तर हेड उतरवावं लागेल. तेव्हा नुसतं ग्राइंडिंग करून भागवू नका, कडक धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घ्या. गॅसवर चालणाऱ्या गाडीचा गॅप दर २०,००० किलोमीटरला बघावा, असं आमचं मत.

प्रश्न : व्हीव्हीटीचा शहरात उपयोग होतो, की ते फक्त वेगासाठी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : शहरातच जास्त होतो. व्हीव्हीटी म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणा. पिस्टन वर निघाल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा ठेवतात. जास्त आरपीएमला हवा स्वतःच्या जोरावर आत येत राहते, पण कमी आरपीएमला तीच हवा मागे ढकलली जाते आणि पिकअप मरतो. व्हीव्हीटी अशा वेळी व्हॉल्व्ह लवकर मिटवतं. उलट हलक्या, स्थिर चालीत मुद्दाम उशिरा मिटवलं तर थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जास्त उघडा ठेवता येतो आणि हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद वाचते. १९९७ च्या टोयोटा प्रियसचं इंजिन याच उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हवर बेतलेलं होतं. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॉल्व्ह किती उघडायचा हेच बदलतं ठेवलं आणि हवेचं नियंत्रण थ्रॉटलकडून काढून व्हॉल्व्हकडे दिलं.

बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा इंजिन ऑइलच्या दाबावर फिरते. कंपनीने ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलं असताना जाड ऑइल भरलं तर ती सुस्त होते. ऑइल बदलायला उशीर झाला तर ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची बारीक जाळी गाळाने तुंबते. आयडलिंगला धडधड, पिकअप गेलेला आणि स्कॅनरवर पी००११ (कॅमच्या वेळेत बिघाड) कोड दिसला, तर महागडा कॅम गिअर बदलण्याआधी ऑइलची पातळी बघा, हा व्हॉल्व्ह काढून जाळी धुवा आणि योग्य ग्रेडचं नवं ऑइल भरा.