पिसाला आधी उजेड दाखव

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले पिसांचे बाराही फोटो निवांत पाहिले. फोकस जागेवर आहे, मागची बाजू स्वच्छ आहे, तरी पिसं कागदातून कातरल्यासारखी सपाट दिसतात. लगेच नवी लेन्स घ्यायला धावू नकोस, दोष लेन्सचा नाही. सगळ्या फोटोंत उजेड कॅमेऱ्याच्याच बाजूने आलाय. पिसाचं रूप त्याच्या विणीत असतं आणि समोरच्या उजेडात ती वीणच पुसली जाते.

आधी ती वीण डोळ्यांनी बघ. भिंग घे. मधे दांडा, त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो तंतू, प्रत्येक तंतूवर त्याहून बारीक उपतंतू, आणि त्यांतल्या एका बाजूच्या उपतंतूंना सूक्ष्म आकडे. हे आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात, म्हणून पातं अखंड दिसतं. विस्कटलेलं पीस बुडाकडून टोकाकडे दोन बोटांत हलकेच ओढलं की बॅगेची चेन लागावी तसं मिटतं, ते याचमुळे. तंतू म्हणजे ओळीने उभे असलेले बारीक कंगोरे आहेत असं समज. कंगोऱ्यांवर आडवा उजेड पडला तरच त्यांची सावली पडते, आणि सावली पडली तरच ते दिसतात.

म्हणून कॅमेरा काढण्याआधी खोलीत अंधार कर आणि हातात लहान टॉर्च घेऊन पिसाभोवती फिरव. आधी समोरून, मग टेबलापासून जेमतेम 10 ते 15 अंश वर, तंतूंना आडवा. शेवटी पीस उचलून मागून. निळं पीस असेल तर इथे थांब आणि नीट बघ. मागून उजेड टाकताच निळा नाहीसा होतो आणि मळकट तपकिरी उरतो. पक्ष्यांच्या पिसांतला निळा हा रंगद्रव्याचा नसतो. तंतूंच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून विखरून परतलेला तो उजेड असतो. आरपार आलेल्या उजेडात दिसतं ते त्याखालचं मेलॅनिन, म्हणजे गडद रंगद्रव्य. लाल-पिवळी पिसं मात्र रंगद्रव्याची असल्यामुळे मागच्या उजेडातही रंग धरून राहतात, उलट उजळतात. मोरपिसाचा डोळा किंवा कबुतराच्या मानेचं पीस असेल तर कोन जरा बदलला की रंग बदलतो. तिथे दिवा एका जागी ठेवून पीसच थोडं थोडं फिरव. कुठलं पीस कोणत्या उजेडाचं, हे ठरलं की निम्मं काम झालं.

आता मांडणी. पीस टेबलावर आडवं ठेवलंस की खाली सावली चिकटते. दांड्याचं बूड पोकळ असतं. त्यात बारीक टाचणी सरकव आणि टाचणी मातीच्या गोळ्यात रोव. पीस हवेत उभं राहील आणि बोटाचा स्पर्श न होता फिरवता येईल. मागे काळं हवं असेल तर मखमल लाव, पिसापासून किमान 30 सेंटीमीटर लांब. काळा कार्डपेपर उजेड परतवतो आणि करडा दिसतो. दिवा एकच पुरे. त्याच्यासमोर ट्रेसिंग पेपर धर, पण पिसापासून दूर. पेपर जितका जवळ तितका उजेड मऊ आणि वीण तितकी फिकी. सावलीची बाजू फारच बुडाली तर पलीकडे तळहाताएवढा पांढरा कागद उभा कर. खोलीतला दुसरा दिवा बंदच ठेव, नाहीतर एक अंग पिवळं आणि एक निळसर येतं आणि ते नंतर निस्तरत नाही.

फोकसमध्ये बहुतेकांची फसगत होते. वस्तू सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराएवढी, म्हणजे 1:1, घेतलीस तर फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ 8 ला (एफ हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) सुस्पष्ट पट्टा साधारण 1 मिलिमीटरचाच मिळतो. पिसाचा बाक 6 मिलिमीटर असला तर पाच मिलिमीटर धूसर. मग मोह होतो छिद्र एफ 22 पर्यंत बारीक करण्याचा. तसं करू नकोस. इतक्या जवळून एफ 16 सुद्धा एफ 32 सारखं वागतं, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच थोडं थोडं पुसट होतं आणि तंतूंची धारच जाते. त्यापेक्षा एफ 5.6 वर, दर वेळी फोकस अर्धा मिलिमीटर पुढे नेत, 15 ते 20 फोटो घे आणि संगणकावर जोड. पिसाच्या सर्वांत जवळच्या भागाच्या थोडं अलीकडून सुरुवात कर आणि सर्वांत लांबच्या भागाच्या थोडं पलीकडे थांब. मधली एक पायरी जरी चुकली तरी जोडलेल्या चित्रात धूसर पट्टा राहतो. सगळ्या फोटोंना एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानेच ठरव. आयएसओ 100, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. आणि पंखा बंद. एवढ्याशा वाऱ्यानेही तंतू हलतात, तुझ्या श्वासानेही हलतात.

काळ्या मखमलीपुढे कॅमेरा गोंधळतो. सगळं अंधारं समजून तो पीस भाजून काढतो, म्हणून एक ते दीड स्टॉप कमी कर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ तपास. पांढऱ्या पिसात काठ एकदा तुटला की तिथली वीण परत आणता येत नाही. कधी पात्यावर लाल-हिरवे लाटांचे पट्टे उमटतील. तो मोआरे, तंतूंच्या ओळी आणि सेन्सरच्या ओळी एकमेकींत अडकल्या की येतो. पीस थोडं फिरव किंवा कॅमेरा बोटभर मागे घे, जातो.

कॅमेरा नसेल तर फ्लॅटबेड स्कॅनरही चालतो. झाकण उघडं ठेवून अंधाऱ्या खोलीत स्कॅन केलं की मागे सुंदर काळं येतं, आणि 1200 डीपीआयला (दर इंचाला 1200 ठिपके) 10 सेंटीमीटरच्या पिसाला सुमारे 4700 पिक्सेल मिळतात. स्कॅनर सेन्सरच्या दोन जातींचे असतात, त्यातला सीसीडी जातीचा घे. दुसऱ्या, सीआयएस जातीचा स्कॅनर काचेला टेकलेलाच भाग स्पष्ट देतो. स्कॅनरचा आपोआप धूळ काढणारा पर्याय बंद कर, तो तंतूंनाच धूळ समजतो.

पीस मळकं असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून बुडाकडून टोकाकडे धू, टिपकागदावर ठेव आणि ड्रायरच्या थंड हवेने वाळव. ओलं असताना ते उद्ध्वस्त वाटेल, घाबरू नकोस, वाळताना तंतू पुन्हा जुळतात. पीस पडलेलंच उचल, घरट्यातून किंवा पक्ष्याकडून कधीच नाही. अनेक देशांत जंगली पक्ष्यांची पिसं जवळ बाळगायलाही बंदी आहे. तिथे ते जमिनीवर आहे तसंच टिप आणि तिथेच सोड. हात धुवायला विसरू नकोस.

बाकी वस्तूंचे हट्ट वेगळे. शिंपल्याला मोठा मऊ उजेड लागतो, कारण छोट्या दिव्याचा झगमगता ठिपका त्याच्यावर फार बोचतो. हवेत उडणाऱ्या म्हातारीला, म्हणजे केसाळ बीला, मागून, थोड्या बाजूने उजेड दे, पाठीमागे अंधार, म्हणजे केस न् केस पेटतो. आणि माशीचा किंवा गांधीलमाशीचा पारदर्शक पंख पांढऱ्यावर ठेवू नकोस. काळ्यावर ठेव आणि दिवा हळूहळू फिरव. साबणाच्या फुग्यावर येतात तसे हिरवे-जांभळे पट्टे त्याच्यावर उमटतील. पांढऱ्यावर तेच पट्टे मागून येणाऱ्या उजेडात बुडून जातात.

संगणकावर बसलास की रंगांना फार हात लावू नकोस. धुळीचे कण खुशाल पूस, पण पात्यातली फट पुसू नकोस. उडायच्या पिसाचं एक अंग अरुंद आणि दुसरं रुंद असतं, ते फ्रेममध्ये मधोमध बसवायला म्हणून सारखं करू नकोस. पीस पंखात कुठल्या बाजूला होतं ते त्या अरुंद अंगावरूनच कळतं.

पुढच्या वेळी बारा पिसं नकोत. एकच पीस घे, तीन जागांवरून उजेड दे, आणि प्रत्येक फोटोखाली दिवा कुठे होता ते लिहून पाठव.

आशीर्वादासह,
तुझा मास्तर